मावशी, मास्तर आणि गवताचा प्रश्न

मावशी आणि मास्तर यांचं लग्न ठरलं ते चहाच्या एका कपात. दुसरा कप ओतायचीही वेळ आली नाही.

मावशी म्हणजे वस्तीबाहेरच्या गोठ्याची मालकीण. सख्खी मावशी ती कुणाचीच नव्हती. पण तिच्याकडचं दूध पिऊन मोठी झालेली माणसं तिला त्याच नावाने हाक मारत आली होती, आणि आता त्यांची मुलंही तेच करत होती. तिच्या कुरणाला लागून तारेचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे मास्तरांची पागा. मास्तर घोडेस्वारी शिकवत. उंच, वाळकुडा माणूस. चालताना पाय किंचित फाकलेले, जणू खाली घोडा असल्याच्या भरवशावरच चाललेत. तिचा नवरा जाऊन बराच काळ लोटला होता, त्यांची बायकोही मागेच वारलेली. मास्तर रोज सकाळी किटली घेऊन दुधाला येत, गोठ्याच्या दाराशी टेकून उभे राहत आणि हवापाण्यावर दोन वाक्यं बोलून परत जात. एक दिवस ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ टेकून राहिले. मावशीने चहा पुढे केला.

"मावशी," मास्तर कपात बघत म्हणाले, "ही किटली रोज न्यायची-आणायची, आता कंटाळा आलाय."

मावशीने गाईच्या पाठीवरून हात फिरवला, जरा विचार केला आणि म्हणाली, "मग इथेच प्यायला या."

झालं. बाकीचं सगळं पुढच्या चार गप्पांत मिटलं. राहायचं मावशीच्या घरात, कारण मास्तरांच्या घराचं छत गळत होतं. मास्तरांचा रेडिओ यायचा, पण स्वयंपाकघरात नाही. रात्री खिडकी अर्धी उघडी, म्हणजे दोघांचंही अर्धं समाधान. एकमेकांना हाक काय मारायची हा प्रश्न जरा नाजूक होता. मावशी त्यांना आधीपासूनच "अहो मास्तर" म्हणायची, तेव्हा तिचं निम्मं काम आपोआप झालं होतं. मास्तरांची मात्र पंचाईत झाली. होणाऱ्या बायकोला मावशी कसं म्हणणार, आणि इतक्या वर्षांनी दुसरं काय म्हणणार? मग ते नुसतेच खाकरून हाक मारू लागले. गोठ्यातल्या गायीही त्या खाकरण्याला वळून बघायला शिकल्या.

मग कुंपणाचा विषय निघाला.

दोन्ही बाजूंची कुरणं त्या साली कामातून गेली होती. घोडे दातांनी गवत मुळापर्यंत कातरतात; मास्तरांच्या बाजूची जमीन न्हाव्याने हजामत केल्यासारखी झाली होती. मावशीच्या बाजूला गायींनी चिखल तुडवून तुडवून गवताचं नाव पुसून टाकलं होतं. नांगरून नवं बी पेरायचं तर दोघांनाही होतंच. मास्तर म्हणाले, मग मधलं कुंपणच काढून टाकू, एकच कुरण करू, एकच गवत लावू. मावशीला हे फारच आवडलं. तिच्या नवऱ्याने तिला एकदा बांगड्या आणल्या होत्या, तेव्हाही तिला इतका आनंद झाला नव्हता.

"पण कुठलं गवत?" ती म्हणाली.

आणि इथे घोडं अडलं. गायही अडली.

मावशीला हवं होतं रुंद पात्याचं, लुसलुशीत, रसाळ गवत. गाय त्यावर दूध देते. मास्तरांना हवं होतं हरळीसारखं राकट, जमिनीलगत पसरणारं, टापांखाली न मरणारं आणि फारसं गोड नसलेलं. घोडा गोड, मऊ गवत पोटभर खातो आणि मग त्याच्या खुरांत आतून सूज धरते, तो पाय टेकू शकत नाही. मावशी म्हणाली, तुमच्या त्या काड्या खाऊन माझ्या गायी दूध देतील की भुसा? मास्तर म्हणाले, तुमच्या त्या कोशिंबिरीवर माझे घोडे पोटानं ढोल आणि पायानं पांगळे होतील.

दोघांचीही जीभ सरळ होती. मावशीचं दूध पातळ म्हणणाऱ्या एका खाणावळवाल्याला तिने त्याच्याच खाणावळीत, गिऱ्हाइकांसमोर, पातेलंभर दूध प्यायला लावलं होतं. मास्तरांनी नगराध्यक्षांच्या बायकोला भर मैदानात सांगितलं होतं की बाई, घोड्यावर बसलाय, सोफ्यावर नाही. अशा दोन माणसांनी मनसोक्त भांडण केलं असतं तर दिवस मावळायच्या आत गवत ठरलं असतं. पण भांडण रंगात येत होतं तोच मावशीच्या मुलाचा फोन आला, आणि मावशीने भोळेपणाने त्याला सगळं सांगितलं.

मावशीचा मुलगा शहरात विमा विकत असे. जगात काय काय वाईट होऊ शकतं हे लोकांना गोड आवाजात सांगणं हा त्याचा धंदा. मास्तरांची मुलगी त्याच शहरात श्रीमंतांची घरं सजवून देई. लग्नाची बातमी दोघांना आधीच कळवली होती. मुलगा म्हणाला होता, "आई, तुझ्या सुखातच माझं सुख आहे," आणि आवाज असा होता, जणू समोरच्याचा दावा नामंजूर झालाय. मुलगी म्हणाली होती, "बाबा, किती छान," आणि मग तिने पाणी मागितलं होतं. त्यानंतर दोघांनी मूग गिळले. उघड विरोध करायचा तर लोक हसतील, आणि न करावा तर आईबापांच्या जमिनींना उद्या कोण कोण वारस निघेल ही धास्ती. ती धास्ती मात्र दोघांपैकी एकानेही स्वतःशीसुद्धा बोलून दाखवली नव्हती. इतकी वर्षं कुरण म्हणजे बुटांना लागणारी घाण एवढंच ज्यांना ठाऊक, त्या दोघांनाही त्या आठवड्यात अचानक गवताचा कळवळा आला.

रविवारी दोघं आपापल्या गाड्या घेऊन आले. मुलाने गाडी शेणापासून इतकी दूर लावली की चालत येताना त्याला दम लागला. मावशीच्या जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले. मुलीने टेबलक्लॉथच्या रंगाकडे एकदा बघितलं आणि सोसलं.

"आई, लग्नाचं काय, ते माणूस कधीही करू शकतो," मुलगा म्हणाला. "पण गवत एकदा पेरलं की पेरलं. हा फार मोठा निर्णय आहे."

मुलगी म्हणाली की तिला बाबांच्या आड यायचं नाही, पण घोड्यांच्या बाजूनेही कुणीतरी बोललं पाहिजे ना. मुलगा म्हणाला, तसंच गायींच्या बाजूनेही. त्या दोघांची ती पहिलीच भेट. पण चहा संपेपर्यंत त्यांचं असं जमलं की जणू एकाच पाळण्यात वाढलेत. जाण्यापूर्वी त्यांनी फोनवर एक ग्रुप काढला, त्याला नाव दिलं 'हिरवळ', आणि मावशीला व मास्तरांना त्यात ओढलं.

त्यानंतर मावशीचा फोन दूध काढताना, शेण भरताना, अगदी आंघोळीला जातानाही किणकिणू लागला. सकाळी सूर्योदयाचं चित्र आणि खाली सुविचार. मग कुठल्यातरी बर्फाळ मुलखातल्या सांबरांच्या चाऱ्यावरचा लेख. मग मुलीचा प्रश्न, की गवताचा हिरवा रंग फार भडक झाला तर घोड्यांच्या मनावर परिणाम होतो का. मावशी बादली खाली ठेवून चष्मा शोधायची, सगळं वाचायची आणि न समजल्याने अंगठा पाठवायची. मास्तर तर प्रत्येक गोष्टीला हात जोडलेलं चित्र पाठवत. त्यांना दुसरं सापडत नव्हतं.

मग तज्ज्ञ आले. मुलीने आणले ते वनस्पतीशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, तिच्या एका गिऱ्हाइकाचे मेहुणे. प्राध्यापकांनी आयुष्यभर एकाच गवताचा अभ्यास केला होता, आणि ते गवत फक्त जुन्या भिंतींच्या भेगांत उगवतं. ते कुरणात वाकले, माती चिमटीत धरली, हुंगली आणि म्हणाले, "हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे." मावशीने विचारलं, कशावर? त्यांनी आकाशाकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, आणि सांगितलं की तेही अवलंबून आहे. जेवण मात्र त्यांनी कशावरही अवलंबून न राहता केलं.

मुलाने आणला तो बियाणेवाला. त्याच्याकडे गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती. पहिल्या पानावर पांढऱ्या झग्यातली एक तरुणी गवतावरून धावत होती, शेवटच्या पानावरही तीच धावत होती, आणि मध्ये कुठेही एकही जनावर नव्हतं. गवताचं नाव 'सर्वतृप्ती'. घोडा, गाय, मेंढी, ससा, जो खाईल तो तृप्त. आपली सगळी कारकीर्द गवतात गेली असं बियाणेवाला सांगत होता, पण कुरणाच्या कडेला पोचताच त्याला शिंका सुरू झाल्या; त्याला गवताच्या परागांचं वावडं होतं. उरलेली माहिती त्याने गाडीच्या काचा वर करून, हातवारे करत दिली.

मुलाने आणि मुलीने निकाल दिला की घाई नको. कुंपणाच्या कडेने वेगवेगळ्या गवतांचे पट्टे पेरायचे, दोरी बांधायची, वाढ बघायची, निरीक्षणं ग्रुपवर टाकायची. तोपर्यंत नोंदणी कार्यालयातली लग्नाची तारीख पुढे ढकलायची.

"तसंही गवत ठरल्याशिवाय लग्न करणं जरा उतावीळपणाच होईल," मुलगी म्हणाली, आणि हे वाक्य इतक्या शांतपणे म्हणाली की क्षणभर सगळ्यांना ते बरोबरच वाटलं.

पट्टे पेरल्यावर दोघं पुन्हा आले, त्या दिवशी मावशीला कसंतरीच झालं. मुलगी पट्टे बघायला म्हणून गेली होती. पण मावशीने खिडकीतून पाहिलं तेव्हा ती गोठ्याची भिंत पावलांनी मोजत होती. मुलाने जाता जाता सहज विचारावं तसं विचारलं, की आई, मागची जमिनीची पट्टी कुणाच्या नावावर आहे गं? मावशी मूर्ख नव्हती. पण पोटच्या पोराबद्दल असा विचार मनात यावा याचीच तिला लाज वाटली, आणि तिने तो विचार बादलीतल्या चिखलपाण्यासारखा दाराबाहेर ओतून टाकला.

याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. ती आणि मास्तर एकमेकांशी गोड बोलू लागले होते. तिच्या मुलाने आणलेलं गवत, त्याला नावं कशी ठेवायची, म्हणून मास्तर 'सर्वतृप्ती'कडे बघून "छान वाढतंय हं" म्हणत. त्यांच्या मुलीला वाईट वाटेल म्हणून मावशी प्राध्यापकांकडून येणाऱ्या लांबलचक पत्रांना "माहितीपूर्ण" म्हणत असे. लग्न ठरल्यावर सुरुवातीला कुंपणाच्या तारेला टेकून दोघं तासन्‌तास वाद घालत. आता "तुम्ही म्हणाल तसं" आणि "छे, तुम्हीच ठरवा" असं करत पाच मिनिटांत आपापल्या कामाला लागत. मावशीला वाटू लागलं, हा माणूस लग्नाआधीच पाहुणा झाला की काय. रात्री तिने अंथरुणात पडल्या पडल्या मनाशी हिशेब घातला, की खिडकी अर्धी उघडी ठेवून झोपणारा माणूस आपल्याला खरंच हवा आहे का, आणि उत्तर हो असंच आलं, म्हणून तिला जास्तच वाईट वाटलं.

'सर्वतृप्ती'चा पट्टा मात्र मजेत होता. बाकीचे पट्टे अजून जमिनीतून डोकं वर काढावं की नाही याचा विचार करत होते, तेव्हा तो गुडघाभर वाढून वाऱ्यावर लाटा मारत होता. मुलाने त्याचा फोटो 'हिरवळ'वर टाकला. मुलीने टाळ्या पाठवल्या.

मास्तरांकडे एक म्हातारी घोडी होती. तिला सगळे थोरली म्हणत. अर्ध्या वस्तीची मुलं तिच्याच पाठीवर पहिल्यांदा बसली होती आणि तिच्याच पाठीवरून पहिल्यांदा पडली होती. तिने आयुष्यात कधी दोरी ओलांडली नव्हती. पण आयुष्यात तिच्या नाकासमोर असं गवतही कधी आलं नव्हतं. एका पहाटे तिने छातीने दोरी तोडली आणि उजाडून मास्तर किटली घेऊन बाहेर पडेपर्यंत ती सर्वतृप्त होत राहिली. मास्तरांनी तिला आत आणलं, रागावले, पोट चाचपलं. त्या दिवशी काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर किटली न घेताच आले. मावशीने त्यांचं तोंड बघितलं आणि दुधाची बादली तशीच खाली ठेवली.

थोरली पागेत मागच्या पायांवर भार टाकून, पुढचे पाय लांब करून उभी होती, जणू जमीन तव्यासारखी तापली आहे. तिला एक पाऊल टाकवत नव्हतं. खुरांना हात लावला तर गरम. जनावरांची डॉक्टरीण आली. कमी बोलणारी बाई, येताना हातमोजे घालूनच गाडीतून उतरली. तिने घोडीने चरलेला पट्टा बघितला, गवताचं एक पातं दातांखाली धरून चावलं आणि थुंकलं.

"साखर आहे ही," ती म्हणाली. "गाय चार पोटांत रिचवील. घोड्याला हे द्यायला कुणी सांगितलं?"

मास्तर तुटलेली दोरी गुंडाळू लागले. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, खाली भुशाचा जाड थर घालायला सांगितला, पाय गार पाण्यात ठेवायला आणि खायला फक्त भिजवून निथळलेलं वाळकं गवत द्यायला सांगितलं. बरी होईल का असं मास्तरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की होईल बहुतेक, पण पाठीवर कुणाला बसवायचं आता विसरा.

मावशीने दूध गार करायच्या टाकीतला बर्फ घमेल्यांतून वाहून आणला. थोरलीचे पुढचे दोन्ही पाय दोन बादल्यांत उभे केले. बर्फ वितळला की मावशी नवा आणायची. मास्तर घोडीची मान धरून तिच्याशी काहीतरी पुटपुटत राहायचे. गायींचं दुपारचं दूध त्या दिवशी उशिरा निघालं आणि गोठ्यातून त्याबद्दलची नाराजी मोठ्याने ऐकू येत होती. दोघंही ओलेचिंब, भुशाने माखलेले.

शेवटी मावशीने विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना हे गवत कसलं आहे ते?"

"पातं तोंडात घातलं त्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलला का नाही?"

मास्तरांनी घोडीच्या आयाळीतला भुसा वेचत वेचत म्हटलं, "तुमच्या मुलाने आणलेलं. लग्नाआधीच त्याच्या वस्तूला नावं ठेवायची? म्हटलं, हा म्हातारा आत्ताच कुरकुरतोय, पुढे काय करील असं वाटायचं तुम्हाला."

मावशी घमेलं पालथं घालून त्यावर बसली. तिला राग आला होता, पण कुणाचा ते कळेना. मग कळलं की स्वतःचाच आलाय. ती म्हणाली की प्राध्यापकांची पत्रं तिने एकही शेवटपर्यंत वाचली नव्हती. मास्तरांची मुलगी गोठ्याची भिंत मोजत होती हे तिने पाहिलं होतं आणि दडवलं होतं. मास्तर म्हणाले, तिने माझ्या पागेचीही मोजली. मग त्यांनी सांगितलं की मावशीच्या मुलाने त्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, या वयात विमा काढलाय का, आणि काढला असेल तर वारस म्हणून नाव कुणाचं.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"थोरलीचं," मास्तर म्हणाले.

मावशी हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना, तेव्हा मास्तरांनी घोडीची मान सोडली आणि मावशीचा हात धरला. हात बर्फाने इतका गार पडला होता की त्यांनी तो आपल्या कोटाच्या खिशात घालून ठेवला. खिशात गाजराचे तुकडे होते.

त्या आठवड्यात थोरलीने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. रविवारी मुलगा आणि मुलगी आले ते तोंडं लांब करून. मुलीने पागेत डोकावून "बिचारी" म्हटलं आणि नाकाला रुमाल लावला. बियाणेवाल्याला मुलाने फोन केला होता. बियाणेवाल्याचं म्हणणं होतं की पुस्तिकेत तृप्ती म्हटलंय, प्रमाण म्हटलेलं नाही. प्राध्यापकांनी कळवलं होतं की असं होऊ शकेल असं त्यांना वाटलंच होतं, पण ते अवलंबून होतं.

टेबलाभोवती पुन्हा सगळे बसले. मुलाने घसा साफ केला. त्याने आणि मुलीने मिळून सगळ्या बाजूंनी विचार केला होता. या दुर्दैवी घटनेतून एक गोष्ट सिद्ध होते, तो म्हणाला, की घोडा आणि गाय यांना मानवेल असं एक गवत नाही. मग कुंपण काढणं धोक्याचं. मुलगी पुढे म्हणाली की जनावरांच्या भल्यासाठीच कुंपण राहू द्यावं, दोन्ही मालमत्ता तूर्त वेगळ्या राहाव्यात, आणि तसं असेल तर, म्हणजे निव्वळ व्यवहार म्हणून, लग्नाचीही तूर्त गरज काय? शेजारी तर आहातच की.

दोघांनी श्वास रोखून मावशीकडे बघितलं. मावशीच्या तोंडाचा पट्टा आता सुटणार याची मुलाला खात्री होती. त्याने लहानपणी तो अनुभवला होता. पण मावशी शांतपणे म्हणाली, "अगदी बरोबर आहे तुमचं."

मुलीने हळूच श्वास सोडला.

"एक गवत दोघांना चालत नाही," मावशी म्हणाली. "तेव्हा यांच्या बाजूला हरळी, माझ्या बाजूला गिनी गवत आणि मधून मधून लसूणघास. कुंपण राहील. त्याला एक फाटक करू. घोडे हरळी कातरतात पण लिदीभोवतीचे झुपके सोडून देतात, ते माझ्या गायी येऊन साफ करतील, आणि घोड्यांच्या पोटातले जंतही त्याने कमी होतात, डॉक्टरीणबाईंना विचारलंय. झाला गवताचा निकाल."

"उत्तम," मुलगा म्हणाला. "मग लग्न..."

"लग्न मंगळवारी आहे. आम्ही शुक्रवारी जाऊन तारीख घेतली. आम्हाला कुठे गवत खायचंय?"

मुलाने मास्तरांकडे बघितलं, निदान पुरुषमाणूस तरी समजून घेईल या आशेने. मास्तर बशीत चहा ओतत होते.

मुलगी म्हणाली, "बाबा, जमिनीचं तुम्ही काही बोललाच नाहीत."

इतके दिवस गवताखाली दडलेला तो शब्द अखेर टेबलावर आला, आणि आल्याबरोबर तो उच्चारणाऱ्या मुलीचेच कान लाल झाले. मास्तरांनी बशी खाली ठेवली. ते म्हणाले की जमिनीवर पुढची बरीच वर्षं गवत असणार आहे, त्यानंतरचं त्यानंतर. ते आवाज न चढवता बोलले. नगराध्यक्षांच्या बायकोशी बोलतानाही त्यांचा आवाज असाच होता.

मंगळवारी नोंदणी कार्यालयात साक्षीदार म्हणून डॉक्टरीणबाई आल्या आणि खाणावळवाला आला. त्या पातेल्यानंतर तो मावशीचं कायमचं गिऱ्हाईक झाला होता. कारकुनाने मास्तरांना विचारलं की वधूचं तुमचं आधीचं नातं काय, आणि मास्तर सवयीने "मावशी" म्हणून गेले. मग ते निस्तरता निस्तरता सगळ्यांची पुरेवाट झाली. मुलगी आली नाही, पण तिने पडद्यांचं कापड पाठवलं, आणि ते खरोखरच चांगलं होतं. मुलगा उशिरा, सगळे घरी परतल्यावर आला, आईला मिठी मारताना त्याचा चेहरा जरा वाकडातिकडा झाला, आणि त्याने लग्नाची भेट म्हणून गाडीतून गवत कापायचं यंत्र उतरवलं. मावशीने ते यंत्र बघितलं, मग कुंपणापलीकडचे सगळे घोडे आणि अलीकडच्या सगळ्या गायी बघितल्या, आणि म्हणाली, "बरं झालं बाबा, यांना मदत होईल." बोलून झाल्यावर तिला वाटलं की पोरगा मनाने वाईट नाही, फक्त त्याची अक्कल चरायला गेली की कुठल्या कुरणात जाते ते सापडत नाही.

'हिरवळ' ग्रुप बंद झाला नाही. त्यात आता प्राध्यापक आणि बियाणेवालाही होते. सकाळच्या सूर्योदयांची सरबत्ती चालू असायची आणि त्या दोघांचा त्यात कशावर तरी कडाक्याचा वाद पेटला होता. मावशीने फोन गोठ्याच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली, पिठाच्या डब्यामागे.

पेरणी झाली. हरळी आधी रुसली, मग पसरली. गिनी गवत मावशीच्या कमरेला लागलं. पहिल्यांदा फाटक उघडलं त्या सकाळी गायी दारात थबकल्या. नव्या घरात शिरताना माणसं बघतात तसं इकडेतिकडे बघत आत गेल्या. घोड्यांना हरळीच्या दुसऱ्या टोकाला हलवलं तेव्हा थोरली एकटीच मागे राहिली. तिला दिवसातून थोडाच वेळ मोकळी सोडायची होती. ती हळूहळू, पाय पारखत, हरळीच्या कडेला आली, मान खाली घातली, एक घास तोडला आणि चावत राहिली. फारसं आवडलं असं दिसलं नाही. पण दुसरा घास तोडला.

मास्तर खाकरले. मावशी वळली.

त्यांचं म्हणणं होतं की आता लिद आणि शेण एकाच उकिरड्यात टाकावं, खत लवकर कुजेल. मावशी म्हणाली, मुळीच नाही, घोड्याची लिद म्हणजे भुसा. माझ्या शेणाचं सोनं त्यात कशाला बुडवायचं? मास्तर म्हणाले, सोनं म्हणता, पण वास कसला येतो त्याला. मावशीने कमरेवर हात ठेवले. ती म्हणाली, इतकी वर्षं तुमच्या पागेवरून वारा इकडे येतोय, त्याबद्दल मी एक अक्षर बोलले का? मास्तर म्हणाले, रोज बोलत होतात. फळीवर, पिठाच्या डब्यामागे, फोन वाजला. मावशीने बोट वर करून मास्तरांना थांबवलं, चष्मा न लावता फोन उचलला, पलीकडून मुलाने कसं चाललंय विचारलं, तेव्हा सगळं छान आहे, नवीन काही नाही असं सांगून तो बंद केला आणि परत फाटकाशी आली.

"हं," ती म्हणाली, "वासाचं काय म्हणत होता?"